हात दुखतोय पण काम थांबवता येत नाही, मग काय करायचं?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही गल्लीत जा, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या पानांचा ढीग आणि बायकांची बोटं सारखी चालू. अंगठा आणि पहिली दोन बोटं मिळून पान गुंडाळतात, दोरा बांधतात, टोक दुमडून आत दाबतात, एका विडीला अशा कितीतरी बारीक हालचाली, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. अशा बाईला "हाताला पूर्ण आराम द्या" असं सांगून पाठवतात याचा मला खरंच राग येतो. एकतर तिला ते परवडत नाही, आणि बऱ्याचशा हातदुखीत नुसता आराम हा उपाय पण नाहीये. फिजिओथेरपीत हात बंद ठेवत नाहीत, तो कसा हलवायचा ते शिकवतात.

आता हे समजून घ्या की बोटं दुमडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. तिथून टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, निघतात आणि मनगटावरून बोटांपर्यंत जातात, नेफ्यातून नाडी सरकावी तसे आपापल्या आवरणातून पुढेमागे सरकतात. आवरण सुजलं, जाड झालं की टेंडन अडकायला लागतो आणि तिथेच दुखतं.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे, त्यातून असे 9 टेंडन आणि एक नस जाते. जागा कमी पडली की मार खाते ती नस. या त्रासाला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात पण करंगळी सहसा सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. रात्रीच जास्त का, तर झोपेत आपण मनगट दुमडून ठेवतो आणि बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू न देणारा आधार, रात्री घालायचा, साधारण 6 आठवडे तरी. बऱ्याच जणी दिवसभर घट्ट बांधून फिरतात आणि झोपताना काढून ठेवतात, म्हणजे नेमकं उलटं. अजून एक, दुकानात मिळणाऱ्या स्प्लिंटमधली पत्र्याची पट्टी बऱ्याचदा वर वाकवलेली असते, ती काढून सरळ करून घ्या, मनगट सरळ राहिलं पाहिजे.

सोबत टेंडन सरकवायचा व्यायाम. बोटं ताठ, मग तळव्याकडची पेरं सरळ ठेवून वरची दोन पेरं दुमडून आकडा, परत ताठ, मग पूर्ण मूठ, परत ताठ. हळूहळू, 5 ते 10 वेळा, जोर लावायचा नाही. मी सांगते की अक्का, वेगळा वेळ काढू नका, थोडी बंडलं झाली की सूप बाजूला ठेवून तिथेच करा.

अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिथले दोन टेंडन अडकतात. स्विस सर्जन डी कर्व्हेन यांनी 1895 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून नाव त्यांचंच. बाळाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आयांना पण हे होतं. तळवे वर करून बाळाच्या पाठीखालून उचललं की अंगठ्यावरचा ताण कमी होतो.

आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तो सांधा बघायचा. चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या साधारण 12 पट दाब त्या सांध्यावर येतो. कात्रीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा, चिमूट सैल होते आणि हा दाब उतरतो, खर्च शून्य.

संधिवातात व्यायामाने सांधे झिजतील अशी भीती लोकांना असते. ब्रिटनमध्ये 490 रुग्णांवर झालेला सारा नावाचा अभ्यास 2015 मध्ये छापून आला, त्यात ताकदीचे आणि ताणाचे व्यायाम केलेल्यांचे हात जास्त चांगले चालायला लागले.

शेक द्यायचा तर कोमट पाणी पुरे. पण बोटं बधिर असतील तर पाणी दुसऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल आणि कळणार पण नाही. तेल लावून चोळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, सुजलेल्या जागी मात्र जोरात रगडू नका.

शुगर आणि थायरॉईड तपासून घ्या, दोन्हीमुळे नस दबण्याची शक्यता वाढते. सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील तर संधिवाताचीही तपासणी करा. आणि बधिरपणा दिवसभर राहायला लागला, हातातून वस्तू पडायला लागल्या, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसायला लागला तर नुसत्या व्यायामावर थांबू नका, नसेची तपासणी करून घ्या. अशा वेळी छोटं ऑपरेशन करून बोगद्यावरचा पट्टा मोकळा करतात, आणि त्याला फार उशीर झाला तर आटलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही.