थकलेले हृदय अ‍ॅड्रेनलिनला दाद का देत नाही?

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये सर्जनचे शिवणकाम संपले तरी थिएटरमधला ताण संपत नाही. हृदय थांबवून ठेवलेले असते आणि रक्त फिरवण्याचे काम हार्ट-लंग मशीन करत असते. मग महाधमनीवरचा चिमटा काढतात. हृदय थांबवणारे पोटॅशियमयुक्त द्रावण रक्ताबरोबर धुऊन जाते, स्नायू थरथरतो आणि ठेक्यात येतो. हे मशीन चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे पर्फ्युजनिस्ट, त्याचा प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करत आणतो आणि सगळ्यांचे लक्ष रक्तदाबाच्या रेषेवर लागते. बहुतेक वेळा हृदय भार उचलते, पण कधीकधी उचलत नाही. भूलतज्ज्ञ अ‍ॅड्रेनलिन किंवा डोब्युटामिन ही हृदयाला जोर देणारी औषधे सुरू करतात, मात्रा वाढवतात, तरी हृदय हवे तेवढे आवळत नाही. स्नायू जिवंत असतो, त्याला रक्त मिळत असते, औषधही तिथवर पोचलेले असते. तरी काम अडते ते पेशीच्या उंबरठ्यावर.

हा उंबरठा म्हणजे बीटा रिसेप्टर, पेशीच्या पटलात बसलेले, बाहेरचा रासायनिक निरोप आत पोचवणारे प्रथिन. अमेरिकेतल्या रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडले की अ‍ॅड्रेनलिनचे परिणाम दोन वेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरांमुळे होत असावेत, एक अल्फा आणि दुसरा बीटा. तेव्हा ही कल्पना फारशी कुणाला पटली नव्हती. पुढे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी तिच्याच आधारावर बीटा रिसेप्टर अडवणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले. तरीही रिसेप्टर ही हाती लागणारी वस्तू आहे की केवळ सोयीची कल्पना, हा वाद १९७०च्या सुमारासही चालू होता. रॉबर्ट लेफकोविट्झ हे हृदयरोगतज्ज्ञ १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले आणि याच प्रश्नामागे लागले. त्यांच्या गटाने बीटा रिसेप्टर पेशीपटलातून वेगळा काढला, १९८६ मध्ये त्याचे जनुकही मिळवले. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आणि त्यांचे एकेकाळचे सहकारी ब्रायन कोबिल्का यांना मिळाले ते याच घराण्यातल्या रिसेप्टरांवरील कामासाठी.

अ‍ॅड्रेनलिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिन (मज्जातंतूंतून सुटणारे त्याचे भावंड) बाहेरून रिसेप्टरला चिकटले की रिसेप्टरचा आतला भाग किंचित सरकतो आणि जी-प्रथिन नावाच्या पेशीतल्या निरोप्याला जागे करतो. तो एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावतो, त्यातून सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि शेवटी पेशीत कॅल्शियमची लाट उसळते. हृदय जोराने आवळते ते या लाटेमुळे. जिना चढताना, घाबरल्यावर, बसच्या मागे धावताना हेच घडत असते, आणि घाई संपली की सगळे खाली बसते.

हार्ट फेल्युअरमध्ये मात्र घाई संपतच नाही. हृदय थांबलेले नसते, पण शरीराला लागते तेवढे रक्त ते पुरवू शकत नाही. ही तूट मेंदूला कळते आणि मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मारा सुरू करतात, दिवसरात्र, महिनोन् महिने. १९८४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ जे कोन (Jay Cohn) आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा रुग्णांच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनलिन जितके जास्त, तितके त्यांचे आयुष्य कमी. दारावरची बेल कुणी सतत दाबून धरली तर घरातला माणूस शेवटी तिची वायरच काढून टाकतो. हृदयाची पेशी नेमके तेच करते. वायर काढणाऱ्या विकराचे नाव जीआरके२. लेफकोविट्झ यांच्याच प्रयोगशाळेत तो सापडला आणि सुरुवातीला त्याला बीटा-आर्क म्हणत. तो रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेटचे गट चिकटवतो, त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि जी-प्रथिनाशी असलेला संबंध तुटतो. मारा चालूच राहिला तर पुढे रिसेप्टरांची संख्याही घटते.

माणसाच्या हृदयात हे खरोखर घडते का, हे पाहायला माणसाचे हृदयच हवे होते. ते मिळाले प्रत्यारोपणामुळे. स्टॅनफर्डमध्ये हृदय-प्रत्यारोपण होत असे आणि रुग्णाच्या छातीतून काढलेले निकामी हृदय अभ्यासाला उपलब्ध असे. मायकल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी अशी ११ हृदये घेतली आणि त्यांची तुलना नीट काम करणाऱ्या सहा हृदयांशी केली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयातला मैलाचा दगड आहे, आणि मला तो आजही तितकाच देखणा वाटतो.

डाव्या जवनिकेचा, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचा, स्नायू शरीराबाहेर काढला तरी काही तास जिवंत ठेवता येतो. त्याची बारीक पट्टी कोमट, प्राणवायू खेळवलेल्या क्षारद्रावणात टांगतात, एक टोक पक्के बांधतात, दुसरे बल मोजणाऱ्या यंत्राला जोडतात आणि विजेचे हलके ठोके देतात. पट्टी ठोक्यागणिक आवळते. मग द्रावणात आयसोप्रोटेरेनॉल, म्हणजे बीटा रिसेप्टरला चेतवणारे औषध, घालतात. निरोगी हृदयाची पट्टी त्यावर जोरदार आवळली. निकामी हृदयाच्या पट्टीचा प्रतिसाद ५४ ते ७३ टक्क्यांनी कमी भरला. रिसेप्टर मोजले तेव्हा तेही ५० ते ५६ टक्क्यांनी कमी निघाले. इथवर कुणालाही अंदाज आला असता. पण हिस्टामिन या रसायनाचा निरोप वेगळ्या रिसेप्टरच्या दाराने आत शिरतो, आणि ते दिल्यावर आजारी हृदयाच्या पट्ट्या निरोगी पट्ट्यांइतक्याच आवळल्या. आवळणारी प्रथिनेही दोन्हींकडे सारखीच होती. म्हणजे ताकद संपलेली नव्हती, फक्त बीटा रिसेप्टरकडून येणारा निरोप तुटला होता.

यावर डॉक्टरांनी काय करायचे? सरळ विचार केला तर चेतना वाढवायची. तसे करूनही पाहिले गेले. मिल्रिनोन हे औषध रिसेप्टरला बाजूला ठेवून सायक्लिक एएमपी वाढवते. त्याच्या गोळ्या गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना दीर्घकाळ देण्याची चाचणी झाली. १,०८८ रुग्ण होते. १९९१ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त.

उलट दिशेचा विचार स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे त्याआधीच झाला होता. फिन वॉगस्टाइन, ओके ह्यालमार्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांची हकीकत छापली. या रुग्णांची हृदये फुगलेली होती, नाडी विश्रांतीतही वेगाने चालत होती, आणि त्यांना चक्क बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा रिसेप्टर अडवणारे औषध, दिले होते. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने हा अघोरीपणा होता, कारण आधीच दुबळ्या हृदयाचा उरलासुरला आधार काढून घेणारे हे औषध. रुग्ण मात्र सुधारले. तरी जगाला पटायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरची २,६४७ रुग्णांवरची आणि मेटोप्रोलॉल या दुसऱ्याची ३,९९१ रुग्णांवरची. दोन्हींत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. सात रुग्णांच्या त्या निबंधामागे केवढे धाडस होते, ते या आकड्यांवरून कळते.

ज्यांच्या घरी हार्ट फेल्युअरचा रुग्ण आहे, त्यांना मेटोप्रोलॉल किंवा कार्वेडिलॉल या बीटा ब्लॉकरांची नावे परिचयाची असतील. कार्वेडिलॉल बहुधा ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, इतक्या चिमूटभर मात्रेने सुरू करतात आणि साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवतात, त्याचे कारण वर आलेच आहे. हृदय त्या माऱ्याच्या आधारावर उभे असते आणि तो आधार हळूहळूच काढावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढल्यासारखे वाटू शकते आणि फायदा दिसायला महिने लागतात. "गोळीने उलट गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणून ती परस्पर बंद करणारे फार आहेत. कृपा करून तसे करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. अचानक औषध तोडल्याने प्रकृती ढासळू शकते.

ऑपरेशन थिएटरमध्ये हाच बिघाड महिन्यांऐवजी तासांत घडतो. हार्ट-लंग मशीनवर असताना शरीरातल्या अ‍ॅड्रेनलिनची पातळी खूप चढते. ड्यूकमधल्याच भूलतज्ज्ञ डेब्रा श्विन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की त्या काळात आधी रिसेप्टर जागेवर असूनही आतल्या यंत्रणेपासून सुटतात आणि नंतर त्यांची संख्या घटते. म्हणून मशीनवरून उतरताना अडलेल्या हृदयाला अनेकदा मिल्रिनोन देतात. गोळीच्या रूपाने वर्षानुवर्षे दिल्यावर घातक ठरलेले हे औषध शिरेतून काही तास किंवा दिवस दिले तर उपयोगी पडते, कारण ते बिघडलेल्या रिसेप्टरला वळसा घालून जाते.

हा बिघाड कायमचा असतो का, याचे उत्तरही सर्जरीनेच दिले. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांना डाव्या जवनिकेला मदत करणारा यांत्रिक पंप बसवतात, त्याला एलव्हीएडी म्हणतात. पंप बसवताना हृदयाच्या टोकाचा छोटा गोल तुकडा कापावाच लागतो आणि काही महिन्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळी तेच हृदय पूर्ण बाहेर येते. एकाच हृदयाचे आधीचे आणि नंतरचे असे दोन नमुने हाती येतात. त्यांच्या तुलनेत दिसले की भार उतरलेल्या हृदयात बीटा रिसेप्टर पुन्हा वाढतात, स्नायू अ‍ॅड्रेनलिनला दाद देऊ लागतो आणि जीआरके२ खाली येतो. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्येही जीआरके२ असतो आणि तिथली पातळी हृदयातल्या बदलाबरोबर उतरते. छाती न उघडता रक्ताच्या नमुन्यावरून हृदयाच्या आतले कळण्याची ही शक्यता मला फार महत्त्वाची वाटते.

मग जीआरके२लाच रोखले तर? लेफकोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले वॉल्टर कॉख या प्रश्नामागे तीसेक वर्षे आहेत. त्यांनी जीआरके२चाच शेवटचा तुकडा, बीटा-आर्क-सीटी, वापरला. तो खऱ्या विकराची जागा अडवून बसतो. १९९५ मध्ये असा तुकडा हृदयात बनवणारे उंदीर त्यांनी तयार केले आणि त्यांची हृदये जास्त जोराने आवळत होती. पुढे हॉवर्ड रॉकमन यांच्याबरोबरच्या कामात, ज्या उंदरांना जन्मतःच हृदयविकार होणार होता, त्यांचा विकार या तुकड्याने रोखला गेला.

इथे जाणकार वाचक थबकेल. बीटा ब्लॉकर निरोप कमी करतो, बीटा-आर्क-सीटी तोच निरोप सुधारतो, मग दोन्हींनी फायदा कसा? २००१ मध्ये दोन्ही उपाय एकाच प्रकारच्या आजारी उंदरांवर एकत्र केले, तेव्हा फायद्याची बेरीज झाली. याचा अर्थ मला असा लागतो की घातक आहे तो अखंड मारा. माऱ्यापासून वाचवून रिसेप्टरचे आतले नाते जोडले, तर थोड्याशा अ‍ॅड्रेनलिनमध्येही हृदय आपले काम करते, आणि काम भागले की मेंदूला मारा वाढवण्याचे कारण उरत नाही.

२०१३ मध्ये डुकरांच्या आजारी हृदयात हा तुकडा विषाणूच्या वाहनातून पोचवला गेला आणि तिथेही हृदयाचे काम सुधारले. दुसरी वाट अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. नैराश्यावर वर्षानुवर्षे दिले जाणारे पॅरोक्सेटिन जीआरके२लाही चिकटून त्याचे काम थांबवते, हे २०१२ मध्ये लक्षात आले. हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या उंदरांना ते दिल्यावर हृदयाचे काम सुधारले. म्हणून हृदयासाठी कुणी ही गोळी घेऊ नये, तिचे मुख्य काम मेंदूत आहे. रसायनशास्त्रज्ञांना तिच्या आराखड्यावरून असा रेणू घडवायचा आहे, जो मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाला हात न लावता फक्त जीआरके२ला अडवेल, आणि तोही पूर्ण नव्हे. जीआरके२ अजिबात नसलेले उंदराचे पिल्लू हृदयाची वाढ खुंटून गर्भातच मरते. या विकराला संपवून चालणार नाही, त्याची वाढलेली पातळीच तेवढी खाली आणायची आहे, आणि औषध बनवणाऱ्यांपुढचे सगळ्यात अवघड काम सध्या हेच आहे.