को-स्टार आणि सपोर्टिंग: दोघांनाही सहकलाकार म्हणून मोकळं व्हायचं का?

आपल्याकडे मुलाखतीत हिरॉईनच्या बरोबरीचा हिरोही 'सहकलाकार' आणि दोन सीनमध्ये येणारा शेजारीपण 'सहकलाकार', त्यामुळे सगळा घोळ होतो.

को-स्टार हे नातं आहे, अगदी जावांसारखं. ही तिची जाऊ तर तीही हिची जाऊच, मोठी-धाकटी कोण ते नंतर बघू. नुसतं 'तो को-स्टार आहे' म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कुणाचा? सपोर्टिंग म्हणजे सहाय्यक, तिथे नातं नाही, पायरी आहे. 'अशी ही बनवाबनवी'त (1988) अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे एकमेकांचे को-स्टार, आणि घरमालक सरपोतदार झालेले सुधीर जोशी सपोर्टिंग, मग भले आज लोक सरपोतदारांवर तितकेच हसत असोत.

आता ही बरोबरी दिसते कुठे, तर श्रेयनामावलीत, आणि तिथे काय काय चालतं! 1974 च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'त स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघंही बडे स्टार, मग पहिलं नाव कुणाचं? तर मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण जरा वर, म्हणजे डावीकडून वाचलं तर हा पहिला, वरून वाचलं तर तो पहिला. पंगतीत मानाच्या पाटावरून रुसणारे आपल्याकडचे व्याही यापुढे काहीच नाहीत.

पण अवॉर्डवाले या नात्याला जुमानत नाहीत. 'नमक हराम'मध्ये (1973) अमिताभ राजेश खन्नाचा को-स्टारच म्हणायला हवा, तरी फिल्मफेअर मिळालं ते सहाय्यक अभिनेत्याचं. माझ्या मते तिथे को-स्टारच बरोबर, कारण अर्धा पिक्चर त्याच्या रागावर चालतो.

इंग्रजीत को-स्टार क्रियापद म्हणूनही वापरतात, मराठीत 'तिने त्याच्यासोबत को-स्टार केलं' असं कुणी लिहिलं की कसंतरीच होतं, सरळ 'सोबत काम केलं' म्हणा ना. आणि बरोबरीचा असेल तरच को-स्टार म्हणा, बाकीच्यांना सहाय्यक म्हटल्याने कुणी लहान होत नाही, प्राणसाहेबांचं नाव तर कित्येक पिक्चरमध्ये सगळ्यात शेवटी यायचं, 'आणि प्राण', आणि लोक त्या 'आणि'चीच वाट बघायचे.