माशाच्या नाकातलं छिद्र: पावणेदोनशे वर्षांच्या एका वादाची पार्श्वभूमी

तोंड मिटून आपल्याला श्वास घेता येतो, कारण नाकपुडीतून आत गेलेली हवा टाळूच्या बाजूला उघडणाऱ्या छिद्रांतून घशाकडे उतरते. बेडूक, पाल, चिमणी, गाय या सगळ्यांकडे ही वाट आहे. माशांकडे सहसा ती नसते. रोहूचं डोकं बारकाईने पाहिलं, तर डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रं दिसतात. पाणी पुढच्या छिद्राने आत जातं आणि मागच्याने बाहेर पडतं. माशाचं नाक वास घेतं, श्वास घेत नाही. त्याचा तोंडाशी संबंधच नसतो.

मग जमिनीवर आलेल्या प्राण्यांच्या टाळूत हे छिद्र आलं कुठून? प्रश्न शरीररचनेच्या एका बारकाव्याचा वाटतो. पण माशांच्या कोणत्या घराण्यातून चार पायांचे प्राणी आले हे ठरवताना संशोधक पुन्हा पुन्हा याच छिद्रापाशी येऊन थांबले आहेत. जीवाश्म माशांच्या अभ्यासाची पद्धत कशी बदलत गेली, हेही या एका वादात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

वादाची सुरुवात जिवंत माशापासून झाली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून व्हिएन्नाला पोहोचलेल्या एका लांबोळक्या प्राण्याला १८३७ साली लेपिडोसायरन हे नाव मिळालं. त्याला फुप्फुसं होती, म्हणून त्याची गणना सरपटणाऱ्या प्राण्यांत झाली. दोन वर्षांनी ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याच्या आफ्रिकी भाऊबंदाचं विच्छेदन केलं आणि निकाल दिला की हा मासाच, कारण याचं नाक म्हणजे बंद पिशवी आहे, ते तोंडात उघडत नाही. लगेच पुढच्या वर्षी थिओडोर बिशॉफ यांनी लेपिडोसायरनच्या तोंडात नाकाची छिद्रं दाखवून दिली आणि त्याला उभयचरांत नेऊन बसवलं. हे फुप्फुसमासे मासेच आहेत हे ओवेन यांचं म्हणणं पुढे टिकलं, पण ज्या कारणावर त्यांनी भिस्त ठेवली होती तेच चुकीचं निघालं.

याच काळात लुई अगासी जीवाश्म माशांवरचा आपला पाच खंडांचा ग्रंथ (१८३३ ते १८४३) पूर्ण करत होते. माशांची वर्गवारी त्यांनी खवल्यांवरून केली. दगडात खवले चांगले टिकतात, त्यामुळे ती सोयीची होती; पण नातं बाहेरच्या आवरणावरून ठरवण्याची तिची मर्यादा उघड होती. निव्वळ दातांच्या कंगोरेदार चकत्यांवरून त्यांनी सेराटोडस या प्रजातीला नाव दिलं. तसेच दात नागपूरच्या दक्षिणेला मालेरीच्या लाल मातीतही सापडले. हा भाग आज तेलंगणात येतो. थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचं वर्णन केलं आणि एका जातीला सेराटोडस हिस्लोपिआनस म्हटलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे स्टीफन हिस्लॉप. मिशनरी म्हणून आलेल्या या माणसाने मध्य भारतातले जीवाश्म ज्या चिकाटीने गोळा केले, त्याची आठवण विदर्भाबाहेर फारशी कुणी ठेवलेली नाही, याचं वाईट वाटतं. पुढे १८७० मध्ये सिडनीच्या संग्रहालयातल्या गेरार्ड क्रेफ्ट यांच्यासमोर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नदीतला एक मासा आला. त्याच्या तोंडातल्या चकत्या पाहताच त्यांनी ओळखलं की दगडातून माहीत असलेला सेराटोडसचा वंश अजून जिवंत आहे. चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज म्हणून फुप्फुसमाशांचं वजन त्यामुळे एकदम वाढलं.

त्यांना प्रतिस्पर्धी मिळाला तो कॅनडातून. क्वेबेकमधल्या मिगुआशाच्या कड्यात सापडलेल्या युस्थेनोप्टेरॉनचं वर्णन १८८१ साली झालं. त्याच्या पुढच्या परांत खांद्याला लागून एक हाड, पुढे दोन, अशी आपल्या दंडाची आणि हाताची मांडणी होती. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या या माशाला लवकरच पूर्वजाच्या जागेसाठी पहिली पसंती मिळाली. पण नाकाचं काय? ते बघायचं तर कवटीच्या आत शिरावं लागणार, आणि कवटी दगडाने भरलेली.

ती वाट स्टॉकहोमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात खुली झाली. जीवाश्म थराथराने घासत जायचं आणि प्रत्येक थर उघडा पडला की त्याची नोंद घ्यायची, ही पद्धत ऑक्सफर्डच्या विल्यम सोलस यांनी १९०३ च्या सुमारास मांडली होती. एरिक स्टेन्शो यांनी तिला माशांच्या अभ्यासाचं मुख्य हत्यार बनवलं. आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाहून आणलेल्या सेफॅलॅस्पिड माशांवरचा त्यांचा ग्रंथ १९२७ साली आला आणि अभ्यासक अवाक झाले. डोक्याच्या कवचातून गेलेल्या मज्जातंतूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वाटा, अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिका, असं सगळं त्यात रेखलेलं होतं. त्या नलिका तीन नसून दोनच आहेत, आजच्या बिनजबड्याच्या लँप्रे माशासारख्या, हे दिसल्यावर या प्राण्यांचं नातं कुठे जोडायचं याबद्दल फारशी शंका उरली नाही.

स्टेन्शो कधी कधी पुराव्याच्या पुढे जात, हेही नोंदवायला हवं. पोकळी दिसली की तिच्यात बसणारा अवयव ते भरून टाकत. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सीलाकँथ या प्राचीन वंशातला जिवंत मासा मिळाला. पुढे त्याची कवटी तपासली तेव्हा प्रौढ माशाचा मेंदू त्या पोकळीचा जेमतेम शंभरावा हिस्सा व्यापतो आणि बाकी चरबी असते, असं आढळलं. दगडातली पोकळी म्हणजे मेंदूचा साचा, हे गृहीतक किती सांभाळून वापरायला हवं ते यावरून कळतं.

स्टेन्शो यांचे शिष्य एरिक यार्विक यांनी १९४२ साली थेट मुस्कटाच्या रचनेवरच प्रबंध लिहिला. युस्थेनोप्टेरॉनच्या टाळूत आतलं छिद्र आहे आणि पोरोलेपिस या प्राचीन माशांच्या गटातही ते आहे, असं त्यांनी मांडलं. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष धाडसी होता: चार पायांचे प्राणी एकदा नव्हे, दोनदा झाले. बेडकांची आणि आपली शाखा युस्थेनोप्टेरॉनच्या नातलगांतून आली, तर सॅलॅमँडर या शेपटीवाल्या उभयचराची पोरोलेपिसच्या. यार्विक यांनी हे मत आयुष्यभर सोडलं नाही, आणि त्यांच्या आकृत्या इतक्या देखण्या होत्या की पाठ्यपुस्तकांनी त्या निःशंकपणे उचलल्या.

त्यांना आव्हान मिळालं ते त्यांच्याच प्रयोगशाळेतून. बीजिंगच्या झांग मिमान १९६५ साली पहिल्यांदा स्टॉकहोमला आल्या होत्या. सांस्कृतिक क्रांतीत काम तुटलं आणि १९८० मध्ये त्या पुन्हा आल्या. सोबत चीनच्या युन्नान प्रांतातल्या यंगोलेपिस या माशाची कवटी होती, लांबी तीन सेंटिमीटरही नाही. ती त्यांनी एका वेळी मिलिमीटरचा विसावा भाग इतकी घासली. प्रत्येक घासणीनंतर भिंगाखाली चित्र, चित्रावरून मेणाच्या पातळ पत्र्याचा काप, मग काप एकावर एक रचायचे. इथे हिशेब काटेकोर लागतो: चित्र वीसपट मोठं असेल, तर पत्राही एक मिलिमीटर जाडच हवा, नाहीतर कवटी चपटी तरी होते नाहीतर ताणली तरी जाते. पाचशेहून अधिक थर त्यांनी असे उतरवले. काम संपलं तेव्हा मेणाची मोठी कवटी हातात होती आणि मूळ दगडाची पूड झालेली होती. या पद्धतीत दुसरी संधी नसते. एखादा थर चुकीचा वाचला, तर तपासायला काही मागे उरत नाही.

त्या मेणाच्या टाळूत आतलं छिद्र नव्हतं. यंगोलेपिस पोरोलेपिसचा जवळचा, म्हणून छिद्र असायलाच हवं, अशी अपेक्षा होती. झांग यांनी जे दिसलं तेच १९८२ च्या प्रबंधात लिहिलं, आणि पोरोलेपिसच्या छिद्राचा पुरावाही तपासला तर कच्चा ठरतो, हे ज्यांचं मत खोडायचं त्यांच्याच संस्थेत सांगितलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे काम.

लंडनमध्ये तोवर वेगळंच वादळ उठलं होतं. गॅरेथ नेल्सन हे अमेरिकन संशोधक जीवाश्म मासे पाहायला १९६० च्या दशकात स्टॉकहोमला गेले असताना, त्याच संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ लार्स ब्रुंडिन यांच्याकडून त्यांना विली हेनिग यांची पद्धत कळली. जुनी, सगळ्यांना वारशाने मिळालेली लक्षणं नातं ठरवायला कामाची नाहीत. फक्त त्या शाखेत नव्याने आलेली सामायिक लक्षणं मोजायची, हे तिचं सार. ब्रिटिश संग्रहालयातले कॉलिन पॅटरसन आणि सहकारी ती घेऊन झगडले. या हिशेबाने फुप्फुसमासा सामन माशापेक्षा गाईच्या अधिक जवळचा ठरतो, यावर १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये खडाजंगी झाली. मग १९८१ मध्ये डॉन रोझेन, पीटर फोरी, ब्रायन गार्डिनर आणि पॅटरसन यांनी सविस्तर प्रबंधात दावा केला की खरं आतलं छिद्र फुप्फुसमाशांतच आहे, युस्थेनोप्टेरॉनमध्ये नाही.

दोन्ही बाजूंना हादरा बसला तो युन्नानमधूनच. फुप्फुसमाशांचा अगदी आरंभीचा नातलग डायाबोलेपिस १९८४ मध्ये वर्णिला गेला. त्याच्या टाळूतही छिद्र नव्हतं. म्हणजे फुप्फुसमाशांनी ते नंतर, स्वतंत्रपणे मिळवलं. आणि २००४ साली झू मिन व पेर आल्बर्ग यांनी केनिक्थिसचं मुस्कट दाखवलं. सुमारे साडेएकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या या माशात मागची नाकपुडी ना धड बाहेर आहे, ना धड आत. वरच्या जबड्याची पुढची आणि मागची अशी दोन हाडं जिथे भेटायला हवीत, तिथे दातांची ओळ तोडून ती मधोमध बसली आहे. मागची बाह्य नाकपुडी जबड्याची कड ओलांडून टाळूत शिरली, त्या स्थलांतराची अर्धी वाट इथे दगडात सापडली. भ्रूणावस्थेत माणसाच्या वरच्या ओठाचे उंचवटे जुळले नाहीत, की फाटलेल्या ओठाची जन्मजात फट राहते तीही जवळपास याच भागात.

युस्थेनोप्टेरॉनला छिद्र होतं आणि ते आपल्याच वंशातलं, हे यानंतर मान्य झालं. दोनदा उत्पत्तीची कल्पना मागे पडली. पॅटरसन यांच्या गटाची नाकाबद्दलची बाजू पडली, पण आज जिवंत असलेल्या माशांत फुप्फुसमासाच आपल्याला सर्वात जवळचा हे त्यांचं म्हणणं २०१३ मध्ये सीलाकँथच्या जनुकसंचाच्या तुलनेने पक्कं झालं. कवट्या आता घासाव्या लागत नाहीत. सीटी स्कॅन आणि सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या क्ष-किरणांनी दगड न फोडता आतल्या नलिका दिसतात. स्टॉकहोमच्या पद्धतीत जे कधीच शक्य नव्हतं ते त्यामुळे जमतं: एकाने वाचलेली कवटी दुसऱ्याला, त्याच्याशी असहमत असलेल्या माणसालासुद्धा, पहिल्यापासून पुन्हा वाचता येते.