नटीशी तुलना, मैत्रिणीशी तुलना, स्वतःशी तुलना

तरुण मुलींच्या अस्वस्थतेचा विषय निघाला की बोट लगेच मोबाइलकडे जातं. त्यात तथ्य आहे. पण दिसण्यावरून स्वतःला जोखण्याची सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. बदलत गेलं ते एवढंच, की ही तुलना कुणाशी होते. चिंता का वाढली याचं उत्तर मला त्या बदलात दिसतं.

१९५४ मध्ये लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. ज्या गोष्टी मोजायला पक्कं माप नसतं, तिथे माणूस इतरांकडे पाहून स्वतःला मोजतो, हा त्याचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या भागाकडे कमी लक्ष जातं : त्यासाठी माणूस शक्यतो आपल्यासारखीच माणसं निवडतो. पुढची अनेक दशकं दिसण्याबद्दलच्या संशोधनात हा दुसरा भाग मागेच पडला, कारण तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या मासिकांतल्या मॉडेल आणि पडद्यावरच्या नट्या.

त्या काळातला सर्वांत बोलका अभ्यास फिजीमधला आहे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. भरलेलं अंग हे तिथे खात्यापित्या, सांभाळलेल्या माणसाचं लक्षण मानलं जाई. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आल्यानंतर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं. दोन्ही वेळी मुली वेगवेगळ्या होत्या आणि संख्याही लहान, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. तरीही हा आकडा वाचताना पोटात गोळा येतो.

चिंतेचा धागा मात्र दुसरीकडून आला. १९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला, की ज्या समाजात बाईच्या शरीराकडे सतत पाहिलं जातं, तिथे मुली स्वतःकडेही बघणाऱ्याच्याच नजरेने बघायला शिकतात. मग आरशासमोर नसतानाही आपण कशा दिसत असू, हा विचार पाठ सोडत नाही. तुलनेने मन खट्टू होतं, ते तेवढ्यापुरतं. ‘आता लोक काय म्हणतील’ ही धाकधूक मात्र पुढच्या प्रत्येक प्रसंगाआधी उभी राहते.

१९९९ मध्ये केव्हिन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी दिसण्याचा दबाव तीन बाजूंनी येतो असं मांडलं : आईवडील, सोबती आणि माध्यमं. तेव्हा या तीन वेगळ्या बाजू होत्या. मासिक मिटलं की मॉडेल नजरेआड होई, शाळा सुटली की सोबतीही दूर जात. पुढच्या दहाएक वर्षांत सोबती आणि माध्यमं यांच्यातली भिंतच पडली.

ती पडण्याची सुरुवात फार निरागस नव्हती. २००० मध्ये ‘हॉट ऑर नॉट’ ही साइट आली, तिच्यावर अनोळखी माणसांच्या फोटोंना दिसण्यावरून गुण दिले जात. २००३ मध्ये हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या मार्क झुकरबर्गने ‘फेसमॅश’ बनवलं : दोन विद्यार्थ्यांचे फोटो शेजारीशेजारी, आणि जास्त चांगलं कोण दिसतं ते सांगायचं. फोटो परवानगीशिवाय घेतलेले होते. तक्रारी झाल्या आणि साइट काही दिवसांतच बंद पडली. पुढच्याच वर्षी फेसबुक सुरू झालं. ते वेगळं होतं, गुण देणं त्यात नव्हतं. पण २००९ मध्ये लाइकचं बटण आलं, आणि फोटोखाली पुन्हा आकडा दिसू लागला. २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा मिळाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम आलं. २०१५ मध्ये स्नॅपचॅटने चेहरा तिथल्या तिथे बदलणारे फिल्टर दिले.

त्याच २०१५ मध्ये जॅस्मिन फार्डूली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ११२ तरुणींपैकी काहींनी दहा मिनिटं स्वतःचं फेसबुक पाहिलं, काहींनी एका मासिकाची साइट, तर काहींनी दिसण्याशी संबंध नसलेली साइट. या शेवटच्या गटापेक्षा फेसबुक पाहिलेल्यांचं मन अधिक खिन्न झालं. ज्यांना मुळातच तुलना करायची सवय होती, त्यांना आपला चेहरा, केस, त्वचा वेगळी हवी होती असं जास्त वाटलं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं, की फेसबुकवर मुली स्वतःला सर्वांत जास्त ताडून पाहतात ते जेमतेम ओळखीच्या समवयस्क मुलींशी. जिवलग मैत्रीण सकाळी कशी दिसते ते आपल्याला माहीत असतं; वर्गातल्या लांबच्या मुलीचा फक्त निवडलेला फोटो दिसतो. फेस्टिंगरच्या सिद्धान्ताचा मागे पडलेला भाग इथे खरा ठरला.

फिल्टरनंतर तुलना आणखी जवळ आली. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठात जेनिफर मिल्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेल्फी काढून पोस्ट करणाऱ्या तरुणींना त्यानंतर जास्त चिंता वाटली, आत्मविश्वास घटला. फोटो हवा तसा सुधारून टाकायची मुभा दिली, तरी फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष सर्वांत हलवून टाकणारा वाटतो, कारण इथे समोर दुसरी मुलगीच नाही. आहे तो आपलाच सुधारलेला चेहरा. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी लिहिलं, की फिल्टरमध्ये दिसतो तसा चेहरा करून द्या म्हणून लोक प्लास्टिक सर्जनकडे येऊ लागले आहेत.

कंपन्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी स्त्रीने बाहेर आणलेल्या कागदपत्रांत फेसबुकचंच अंतर्गत वाक्य होतं, की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या शरीराबद्दलच्या अडचणी आपण वाढवतो. लाइकचा आकडा लपवण्याची सोय त्याच वर्षी मेमध्ये सर्वांना मिळाली होती, पण ज्याला हवी त्याने वापरावी अशीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये किशोरवयीनांच्या मोठ्या पाहण्या तपासल्या, तेव्हा मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येत होता. माझ्या मते यावरून काळजी खोटी ठरत नाही. मैत्रिणीशी गप्पा मारण्याचे आणि अनोळखी चेहरे न्याहाळण्याचे तास एकत्र मोजले, तर दुसऱ्याचा परिणाम पहिल्यात बुडतो. ओटावातल्या संशोधकांनी चिंता किंवा नैराश्याची लक्षणं असलेल्या १७ ते २५ वयाच्या २२० जणांपैकी एका गटाला तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला तासभरच वापरायला सांगितली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या गटाचं स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दलचं मत सुधारलं.

सरकारांनी हात घातला तो जाहिरातींना. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक वा जाड करून दाखवलेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं; नॉर्वेत जुलै २०२२ पासून पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही या नियमात आले. अशा सूचनांनी बघणाऱ्या मुलीची स्वतःबद्दलची नाराजी कमी होत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगेमन यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. आणि लांबच्या ओळखीतल्या मुलीने पैसे न घेता, सहज म्हणून टाकलेल्या फोटोला हे नियम लागूच होत नाहीत.