पाणी फोडणारी भुकटी

पाण्यावर चालणारी मोटार बनवल्याचे दावे समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतात आणि चांगली शिकलेली माणसेही ते विश्वासाने पुढे पाठवतात. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली ती राख आहे. हायड्रोजन जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, किमान तेवढी परत घातल्याशिवाय पाण्याचा रेणू फुटत नाही. ती ऊर्जा मोटारीच्याच बॅटरीतून घेतली, तर हिशेब कायम तोट्यातच जाणार. अशीच मोटार बनवल्याचे सांगून गुंतवणूकदारांचे पैसे घेणाऱ्या स्टॅन्ली मेयरला अमेरिकेतील ओहायोच्या न्यायालयाने १९९६ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी धरले होते. ही ऊर्जा बाहेरून, म्हणजे सूर्याकडून आली, तर मात्र प्रश्नच वेगळा होतो.

आज उद्योगांना लागणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठीचा मुख्य मार्ग म्हणजे सौर किंवा पवन वीज घेऊन पाण्याचे विद्युत अपघटन करणे, म्हणजे विजेने पाणी फोडणे. पण दुसराही एक मार्ग आहे, आणि तो मला अधिक मोहक वाटतो. त्यात ना तारा, ना वीज. पाण्यात योग्य पदार्थाची भुकटी असावी आणि वर ऊन पडावे, एवढेच.

या कल्पनेचे मूळ टोकियो विद्यापीठात आहे. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकला, तेव्हा त्यावर ऑक्सिजनचे आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. १९७२ मध्ये त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी तेलसंकट आल्याने जगाचे लक्ष त्याकडे वळले.

टायटॅनियम डायऑक्साइडसारखा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पदार्थ पुरेशा ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषतो, तेव्हा एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि त्याच्या जागी एक धन पोकळी राहते. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन बनवायचा आणि पोकळीने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा, अशी ही वाटणी आहे. खरी अडचण पुढे येते. इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांना एकमेकांची ओढ असते. ती पुन्हा एकत्र आली, की शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यात ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार पोकळ्यांचे काम लागते, म्हणजे पहिल्या तिघींना चौथी येईपर्यंत टिकून राहावे लागते. थोडक्यात, इलेक्ट्रॉन वर चढवणे तुलनेने सोपे आहे. त्याला परत येऊ न देणे कठीण आहे.

या अडचणीवर जपानी रसायनशास्त्रज्ञ कझुनारी दोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलेले उत्तर अतिशय सुंदर आहे. त्यांनी स्ट्राँशियम टायटनेटमध्ये थोडे ॲल्युमिनियम मिसळले. त्यामुळे इलेक्ट्रॉन जिथे अडकून पडतात असे दोष कमी झाले. या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांना दोन प्रकारच्या बाजू असतात. प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या बाजूंकडे जातात आणि पोकळ्या दुसऱ्या. संशोधकांनी याच प्रवृत्तीचा उपयोग करून घेतला. ऱ्होडियमचे क्षार असलेल्या पाण्यात ही भुकटी ठेवून प्रकाश टाकला, की हायड्रोजन बनण्याची क्रिया सोपी करणारा ऱ्होडियम हा धातू आपोआप इलेक्ट्रॉनांच्या बाजूंवरच साचतो. नंतर त्याच रीतीने ऑक्सिजन बनायला मदत करणारे कोबाल्टचे संयुग पोकळ्यांच्या बाजूंवर बसवता येते. ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ कवच चढते. ते हायड्रोजनला जाऊ देते, पण ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. नाहीतर तयार झालेले दोन्ही वायू ऱ्होडियमवरच भेटून पुन्हा पाणी झाले असते. परिणामी ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात या भुकटीची क्वांटम कार्यक्षमता ९६ टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे पडलेल्या शंभर फोटॉनांपैकी ९६ पर्यंत पाणी फोडण्याच्या कामी आले.

मग हे अजून कारखान्यांत का नाही? तरंगलांबीने, नॅनोमीटरमध्ये, १२४० ला भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ पुरते, म्हणजे १००० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही चालावा. पण स्ट्राँशियम टायटनेटला सुमारे ३.२ लागतात, म्हणजे ३९० नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश. आणि उन्हाच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. याच गटाने १०० चौरस मीटरवर अशा भुकटीचे पॅनेल उघड्यावर बसवले, तेव्हा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पडलेल्या उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये साठलेला वाटा कमाल ०.७६ टक्के भरला. कडक उन्हात एवढ्या जागेतून तासाला साधारण २३ ग्रॅम हायड्रोजन मिळेल. सौर पॅनेल आणि विद्युत अपघटन यांची जोडी आज त्याच्या दहापटीहून अधिक देते, म्हणून तूर्त पैसा त्या मार्गावर लागणे योग्यच आहे. शिवाय भुकटीतून दोन्ही वायू मिसळूनच बाहेर येतात आणि हे मिश्रण स्फोटक असते. जपानी गटाने ते वायू गाळणाऱ्या पटलातून वेगळे केले आणि मुद्दाम पेटवून सुरक्षितताही तपासली.

दृश्य प्रकाश शोषावा म्हणून नायट्रोजन किंवा गंधक असलेले पदार्थ तपासले जात आहेत, पण त्यांत पोकळ्या पाण्याऐवजी त्या पदार्थालाच खाऊ लागतात आणि भुकटी लवकर निकामी होते. म्हणून अशा शोधाची बातमी वाचताना उपकरण किती तास चालले हे पाहावे. पाण्यात मिथेनॉलसारखे काही घातले होते का, हेही पाहावे, कारण ते असल्यास पोकळ्या मिथेनॉलवर खर्च होतात, ऑक्सिजन बनतच नाही, आणि पाणी फोडल्याचा दावा अर्धाच उरतो.