प्रेस स्टार्ट २पी

प्रेस स्टार्ट २पी : रोमन लिपीचा ठळक पिक्सेल फाँट, म्हणजे ठिपक्यांच्या चौकटीत बेतलेल्या अक्षरांचा संच. १९८० च्या दशकातल्या नामको या जपानी कंपनीच्या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या) खेळांत गुणसंख्या, ‘रेडी!’ आणि ‘गेम ओव्हर’ ज्या अक्षरांत झळकत, त्यांवरून तो कोडमॅन३८ या टोपणनावाने काम करणाऱ्या रचनाकाराने बेतला. नावातला ‘२पी’ म्हणजे दुसरा खेळाडू. एसआयएल ओपन फाँट परवान्यामुळे तो गूगल फाँट्सवर मोफत मिळतो आणि धंद्याच्या कामातही बिनदिक्कत वापरता येतो.

या वळणाचे मूळ मात्र जपानात नाही. अटारीशी संलग्न की गेम्स या अमेरिकी कंपनीच्या ‘क्विझ शो’ (१९७६) या खेळात ते आधीच दिसते. नामकोने ते उचलले, इतर कंपन्यांनीही थोडाफार फरक करून वापरले, आणि पुढे लोक त्यालाच ‘व्हिडिओ गेमचे अक्षर’ म्हणू लागले.

आर्केड यंत्रांचा पडदा लहान चौकोनी तुकड्यांनी भरलेला असे. पॅक-मॅनच्या (१९८०) पडद्यावर आडवे २८ आणि उभे ३६ तुकडे मावत. प्रत्येक तुकडा ८ × ८ ठिपक्यांचा. अक्षरालाही तेवढीच जागा. ठिपका पेटलेला की विझलेला एवढीच नोंद ठेवायची, तर ६४ ठिपक्यांचे अक्षर आठ बाइटांत बसते (एका बाइटात आठ नोंदी). शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक स्तंभ आणि एक ओळ रिकामी सोडावी लागे. म्हणजे खरी जागा ७ × ७ ची.

तेवढ्या जागेत ‘ए’ कसा बसवला आहे ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या ओळीत मधोमध तीन ठिपके. दुसरीत दोन, एक मोकळा, पुन्हा दोन. पुढे दोन्ही कडांना दोन-दोन ठिपक्यांचे पाय, मध्ये तीन ठिपक्यांची पोकळी, आणि पाचव्या ओळीत सातही ठिपके भरून आडवी दांडी. उभी रेघ दोन ठिपके जाड, आडवी मात्र एकच. हा ठळकपणा निव्वळ हौसेचा नव्हे. आडव्या बसवलेल्या चित्रनलिकेतला (जुन्या पडद्यातला) किरण डावीकडून उजवीकडे धावतो, त्यामुळे आडवी रेघ सलग पेटलेली राहते. एका ठिपक्याच्या उभ्या रेघेसाठी मात्र किरणाला क्षणात पेटून विझावे लागते आणि रेघ फिकी पडते. दोन ठिपके दिले की ती उजळते. शून्याची युक्ती याहून गोड आहे : ‘ओ’ अक्षर दोन्ही बाजूंनी सारखे, तर शून्याच्या वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या खांद्यावरून एकेक ठिपका कमी केलेला. तेवढ्याने शून्य किंचित कलते आणि गुणसंख्येत ‘ओ’शी घोटाळा होत नाही.

आजच्या फाँटमध्ये ठिपके नसतात, चौकोनांच्या बाह्यरेषा असतात. त्यामुळे तो कोणत्याही मापाला ताणता येतो, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच. पिक्सेलमधले (पडद्याच्या ठिपक्यांतले) माप आठच्या पटीत हवे : ८, १६, २४, ३२. १६ ला अक्षराचा एक ठिपका पडद्याचे बरोबर दोन ठिपके व्यापतो. १८ ला हाच हिशेब सव्वादोनवर जातो, कडा दोन ठिपक्यांच्या मध्ये पडतात आणि संगणक त्या करड्या रंगाने भरून काढतो. पडद्यावरचे सारे मोठे दाखवण्याचे प्रमाण १२५ टक्क्यांवर ठेवलेले असेल तर बिनचूक १६ चेही २० होतात आणि अक्षर पुसट दिसते. पुसटलेला पिक्सेल फाँट वापरण्यापेक्षा साधा फाँट केव्हाही बरा.

प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असल्याने ‘आय’लाही ‘एम’एवढीच जागा लागते. १६ च्या मापात ३६० ठिपके रुंदीच्या मोबाइल पडद्यावर एका ओळीत जेमतेम २२ अक्षरे मावतात. म्हणून खेळाचे नाव, गुणफलक, बटण, भित्तिपत्रक, टी-शर्ट इथे तो शोभतो. परिच्छेद त्यात लावला की चार ओळींत डोळे शिणतात. ओळींमधले अंतरही सढळ हवे. अक्षराच्या चौकटीत मुळातच ठिपक्यांची एक ओळ मोकळी असली तरी ती पुरत नाही.

फाँटमध्ये ग्रीक आणि सिरिलिक अक्षरेही आहेत, देवनागरी नाही. मराठी मजकुराला तो लावला तर ब्राउझर निमूटपणे दुसऱ्या फाँटची अक्षरे आणतो, आणि एकाच मथळ्यात इंग्रजी शब्द खेळातले, मराठी शब्द कार्यालयीन पत्रातले असे दिसतात. नुसती अक्षरे नव्याने काढून हे सुटणारे नाही. ठिपक्यांच्या आठ ओळींपैकी एक शिरोरेषेला, वेलांटी-मात्रा-अनुस्वारासाठी वर दोन, उकारांसाठी खाली दोन दिल्या की अक्षराच्या अंगाला उरतात तीन. तीन ओळींत ‘प’ आणि ‘ष’ वेगळे दाखवायचे कसे? ‘म’ आणि ‘भ’? ‘राष्ट्र’सारख्या शब्दाचे तर नावच नको. ग्नू युनिफाँट या अनेक लिप्यांच्या मोफत पिक्सेल फाँटने देवनागरीसाठी सोळा ओळी घेतल्या आहेत, पण त्यात रेघ एकाच ठिपक्याची आहे. आर्केडचा भरदारपणा आणायचा तर काना दोन ठिपक्यांचा करावा लागेल, आणि मग चौकट रुंदीलाही वाढवावी लागेल.