ड्रमपासून माइक किती लांब?

गोव्यात आता गावोगावी एखादी खोली स्टुडिओ झालेली दिसते. तिथे ड्रमसेट आला की पाठोपाठ सात-आठ माइकची पेटी येते. पायानं वाजवायच्या बेस ड्रमला एक, खाली तारा असलेल्या कडाड स्नेअरला एक, प्रत्येक टॉमला (मधल्या लहानमोठ्या ड्रमला) एक, झांजांवर दोन. जितकी तोंडं तितके माइक. हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो कुणी कधी मांडला, हे विचारावंसंच वाटत नाही. तो फार जुना नाही.

१९२५ पर्यंत तबकड्या माइकशिवायच निघत. वादक कर्ण्यासमोर बसायचे आणि निव्वळ आवाजाच्या जोरावर सुई मेणात रेघ कोरायची. बेस ड्रमचा ठोका जोरात पडला की सुई उडे, म्हणून ड्रमवाल्याला पार मागे बसवत, नाहीतर त्याच्या हाती लाकडी ठोकळे देत. त्या काळच्या जॅझच्या तबकड्यांत ड्रम दुबळा वाटतो, त्यात वाजवणाऱ्याचा दोष नाही. १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि ड्रम ऐकू येऊ लागला. पण माइक मोजकेच, तेही अख्ख्या ताफ्याला मिळून. समतोल साधायचा तर माणसंच पुढे-मागे सरकवायची.

ही शिस्त गोव्याच्या वादकांनी मुंबईत पुरेपूर भोगली. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली पोरं मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली आणि तिथून सिनेमात गेली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस आणि संगीतसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. तेव्हा गाणं सगळ्यांनी एकदम वाजवायचं आणि कुणी चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ड्रमचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, वादकाच्या मनगटात होता म्हणा ना!

माइक ड्रमला खेटला तो साठच्या दशकात. लंडनच्या ई.एम.आय. स्टुडिओत बेस ड्रमच्या फार जवळ माइक न्यायला मनाई होती. ड्रममधून सुटणाऱ्या हवेच्या धक्क्यानं महागडा माइक बिघडेल, ही भीती. ती खोटी नव्हती, कारण रिबन माइकची पातळ पट्टी अशा धक्क्यानं खरंच ताणली जाते. १९६६ साली बीटल्सचा तरुण ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यानं बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि ए.के.जी.चा डायनॅमिक माइक अगदी जवळ आणला. डायनॅमिक माइक मुळात दणकट. १९६५ साली बाजारात आलेला श्युअरचा एस.एम. ५७ आजही स्नेअरवर दिसतो, तो याच गुणामुळे. पुढे टेपवरचे ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज साठवायचे पट्टे, चाराचे आठ, सोळा, चोवीस झाले. ट्रॅक रिकामे आहेत तर माइक लावा! माझ्या मते आठ माइकच्या पेटीचं मूळ इथे आहे. ड्रमनं ते मागितले नव्हते.

मात्र त्याच वर्षांत उलटी वाटही निघाली. १९६८ च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सकडून एका माइकचा आवाज चुकून एकाच बाजूच्या स्पीकरकडे वळवलेला राहिला आणि ड्रम एकाएकी रुंद ऐकू आला. त्यातून पद्धत बनली: एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा जमिनीवर उभ्या फ्लोअर टॉमच्या बाजूनं स्नेअरकडे तोंड करून, आणि दोघेही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अंतरात वीतभर फरक पडला तरी स्नेअर दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि आवाज पोकळ होतो. अंतर मोजायला मोजपट्टी नको, सुतळी पुरते. याच बँडनं १९७१ च्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी हेडली ग्रेंज या जुन्या वाड्याच्या प्रवेशदालनात ड्रम मांडला आणि जिन्यावर दोन बायर एम १६० टांगले. ते रिबन माइकच, पण इतक्या लांब की हवेच्या धक्क्याचा प्रश्नच नाही. तो ड्रम वाड्यासकट ऐकू येतो.

म्हणूनच आपल्याकडे माइकच्या आधी खोली बघावी. नव्या फ्लॅटचा स्लॅब इतका खाली की ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेल्या, माइकला झांजेइतकंच छतही ऐकू जातं. तिथे जवळचे माइक बरे. चिऱ्याच्या जुन्या घरात मंगळुरी कौलांखाली भरपूर उंची मिळते, दोन-तीन माइकवर भागतं. फक्त आषाढात नव्हे! तेव्हा ओव्हरहेडवर पाऊसच भरतो, आणि दमट हवेत कंडेन्सर जातीचा नाजूक माइक चरचरू लागतो तो वेगळाच. आमचे माइक जूनपासून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात असतात.

चवथीच्या आरतीतली घुमट (मातीच्या घड्याचं वाद्य), समेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळें (झांजा) घ्या. खर्ज, कडाड आणि झंकार, म्हणजे ड्रमसेटच, फक्त तिघांत वाटलेला. घुमटाला दोन तोंडं. एकावर चामडं, पूर्वी घोरपडीचं, आता कायद्यामुळे बकरीचं. दुसरं उघडं, ज्यावर डावा तळवा उघडझाप करतो. चामड्यासमोर माइक धरला तर नुसती थाप मिळते, उघड्या तोंडाशी धरला तर नुसता घुमार. दोन्हीकडे लावलेत तर एकाची पोलॅरिटी (विजेच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका, स्नेअरच्या खालच्या माइकची करतात तशी. थाप पडताना चामडं एका माइकपासून दूर जातं आणि त्याच क्षणी दुसऱ्याकडे हवा ढकलली जाते.